तानीचा ब्रश

ज्या दुकानात दिवसभर कुणी बोलत नाही ना, तिथंच किस्से जास्त साचतात, हा माझा अनुभव आहे. आमचं काम बारक्या तसबिरींचं. रुपयाएवढ्या गोलात अख्खा माणूस बसवायचा, आणि तोही घरच्यांना ओळखू येईल असा! हात हलू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मग पोटात साठलेलं सगळं चहाच्या वेळी एकदम बाहेर पडायचं. ते दुकान बंद होऊन आता जमाना झाला, पण जुनी माणसं भेटली की कुणीतरी म्हणतंच, "दत्तू, तो अण्णांचा ब्रशाचा किस्सा सांग की!" मी विचारतो, "कुठला?" कारण एक थोडाच आहे!

दुकान बेळगावात, अनगोळच्या एका गल्लीत. मालक अण्णा. पुढं दुकान, मागं घर. चेहरा काढायचा तो फक्त अण्णांनी. मी कपड्यांचा माणूस. कुणाचा पदर, कुणाचा फेटा, कुणाच्या कोटाची बटणं, ते माझ्याकडं. तिसरा मलाप्पा, चिकोडीकडचा. तो दागिने करायचा, आणि घाई झाली की निम्मं वाक्य कानडीत बोलायचा. गिऱ्हाईक बहुतेक रडवेलंच यायचं. माणूस जिवंत असताना त्याची तसबीर काढून घ्यायला सवड कुणाला असते?

* * *

अण्णांना व्यसन म्हणाल तर सुपारीचंसुद्धा नव्हतं. वेड होतं ते ब्रशाचं.

मुंबईहून एक फिरता विक्रेता यायचा. गळ्यात टाय, हातात पेटी, तोंडात इंग्रजी. पेटी उघडली की अण्णा पाण्याची वाटी पुढं ओढायचे. ब्रश पाण्यात बुडवायचा, हवेत एक झटका द्यायचा आणि उजेडाकडं धरून टोक बघायचं. मग अंगठ्याच्या नखावर दाबायचा आणि उचलायचा. उचलल्यावर केस आपणहून जुळून परत टोक झालं पाहिजे, आणि ब्रशाच्या पोटात पाणीही राहिलं पाहिजे. एवढ्यातनं पास झालेला ब्रश शेवटी ओठांत धरून बघायचा. ओठाला फसवता येत नाही, असं अण्णांचं म्हणणं.

एकदा त्या विक्रेत्यानं मखमलीतनं एक ब्रश काढला. "हा बघा साहेब, फर्स्ट क्लास क्वालिटी! विलायतेत राजघराण्याचे चितारी हाच वापरतात!"

अण्णांनी बुडवला, झटकला. केस चारी दिशांना पसरले.

"वापरत आसतील," अण्णा शांतपणे म्हणाले, "राजाच्या दाढीला साबण लावाय!"

मलाप्पा हसून हसून स्टुलावरनं पडायचा राहिला. तेवढ्यात मधल्या दारातनं वैनी चहा घेऊन आल्या. वैनी म्हणजे अण्णांच्या मंडळी. त्यांनी चहा ठेवला, पेटीकडं बघितलं आणि विचारलं, "मग? तानीचा ब्रश घावला का न्हाय?"

आमचं हसू जागच्या जागी थांबलं. अण्णा म्हणाले, "यात न्हाय." विक्रेत्यानं मला हळूच विचारलं, "तानी कोण?" मी त्याला चहा घ्यायला सांगितलं.

तुम्हाला सांगतो. तानी ही अण्णांची एकुलती एक लेक. चार वर्षांची असताना तापानं गेली. तेव्हा मी आणि मलाप्पा दुकानात आलेलो नव्हतो, आम्ही तिला बघितलेलं नाही. तिचा फोटो नव्हता. बाप चितारी, घरातच तसबिरींचं दुकान, मग फोटो कशाला काढतील? काढू की कधीही! ती गेल्यावर वैनींनी एवढंच मागितलं की तिची एक बारकी तसबीर काढून द्या. अण्णा म्हणाले, "काढतो. पर तानीला आसला तसला ब्रश चालायचा न्हाय. चांगला घावू दे."

त्यालाही वर्षं लोटली होती. चांगले ब्रश येत होते, दुसऱ्यांची माणसं काढून काढून झिजत होते. तानीचा ब्रश काही येत नव्हता.

* * *

मलाप्पा नवीन असतानाची गोष्ट. त्याला वाटलं, रेघ जितकी बारीक हवी तितका ब्रश बारीक पाहिजे. गड्यानं खारीच्या शेपटीचे तीन केस निवडले, कबुतराच्या पिसाच्या नळीत बसवले आणि एका बाईच्या नथीतले मोती काढायला बसला. ब्रश रंगात बुडवून कागदापर्यंत आणेस्तोवर रंग सुकून जायचा. पुन्हा बुडवायचा, पुन्हा सुकायचा. दुपार झाली तरी पहिला मोती होईना!

अण्णा मागं येऊन उभे राहिले. त्यांनी आपला जाडजूड ब्रश त्याच्या हातात दिला. मलाप्पा घाबरला, "अण्णा, ह्यानं नथ? बाईचं नाकच झाकून जाईल की!"

"टोक बग त्याचं. आनि प्वाट बग. पोटाला असल्याबिगर टोक चालत न्हाय. उपाशी गड्याकडनं काम हुतंय व्हय रं?"

मलाप्पानं नथ एका दमात केली, आणि वर म्हणतो, "अण्णा, मलाबी पोटाला काय तरी बघा की!"

* * *

बोरगावचे एक जैन व्यापारी होते, आदाप्पा म्हणून. तंबाखूचा मोठा व्यवहार, पण स्वभाव अगदी गरीब. त्यांची आई वारली होती. जवळ एक जुना फोटो होता, त्यावरनं देव्हाऱ्याशेजारी ठेवायला तसबीर हवी होती. त्यांनी फोटो दाखवायच्या आधीच विचारलं, "बुरूस कशाचा हाय?"

"खारीच्या शेपटीचा."

"जित्या खारीचा का मेलेल्या?"

"ते खारीनं सांगितलं न्हाय," अण्णा म्हणाले.

आदाप्पा हसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "अण्णा, आईनं जन्मात मुंगी मारली न्हाय. जीव घेतल्याल्या केसानं तिचं त्वांड काढू नगासा." भारी तसबिरी आम्ही ज्यावर काढायचो, त्या हस्तिदंताच्या चकतीला तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही. अण्णा म्हणाले, कागदावर काढू, आणि वासराच्या कानातले केस चालतील, त्यानं जीव जात नाही. झालं! आदाप्पांनी अण्णांना आणि मला सर्व्हिसच्या मोटारीत, म्हणजे तेव्हाच्या बसमध्ये, घालून बोरगावला नेलं. त्यांच्या गोठ्यात आदाप्पा स्वतः वासराची मान खाजवत बसले आणि "झालं हं, झालं माझ्या राजा" म्हणत राहिले. अण्णा कात्रीनं केस काढत होते आणि वासरू माझ्या धोतराचा सोगा खात होतं.

ब्रश बांधला, रंग घोटला. अण्णा ओट्यावर बसले आणि सवयीनं टोक करायला ब्रश ओठांकडं नेला.

"थांबा!" आदाप्पा ओरडले. सगळे दचकले. "आईनं शेवटाला अन्नपाणी सोडलं हुतं. त्वांड मिटून गेली. तिच्या तोंडावर उष्टा बुरूस नगो, अण्णा."

आयुष्यभर ओठांवर टोक केलेल्या माणसाला असं सांगणं म्हणजे डाव्या हातानं जेव म्हणण्यासारखं. अण्णांनी ब्रश खाली घेतला. मांडीवर ओलं फडकं घेतलं आणि त्यावर ब्रश फिरवत काम चालू केलं. आदाप्पांच्या मंडळी जेवायला बोलवायला आल्या तर म्हणाले, "आधी आईचं हुंदे." काम हातावेगळं होईपर्यंत रोज दिवेलागणीशिवाय घास घेतला नाही. उपाशी ब्रशाला नावं ठेवणारा माणूस हा!

तसबीर बघून आदाप्पा लहान पोरासारखे रडले. परतताना मोटारीत मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, परक्याच्या आईसाठी एवढं केलंसा. मग तानीचं का राहतंय?"

अण्णा खिडकीतनं बाहेर बघत होते. म्हणाले, "परक्याची आई मी बगितली न्हवती रं दत्तू. म्हणून सोपं गेलं."



* * *

उचगावचा एक गडी आला. बायको गेलेली, फोटो नाही. पण गडी हुशार! सोबत मेव्हणी आणि थोरला पोरगा घेऊन आला. म्हणाला, "नाक हिचं घ्या. डोळं पोराचं घ्या. हनवटी बी पोराचीच."

अण्णांनी विचारलं, "आनि हसणं?"

गड्यानं मेव्हणीकडं बघितलं, पोराकडं बघितलं. दोघांनी आपापल्या परीनं हसून दाखवलं. गडी मान हलवत राहिला. "ते कुणाकडंच न्हाय बगा," म्हणाला आणि टोपी डोळ्यांवर ओढून बसला.

अण्णा उठले आणि ब्रशांच्या बरणीत हात घातला. मला वाटलं, आता सगळ्यात बारीक टोकाचा ब्रश निघणार. निघाला तो एक जुनाट, टोक झिजून गोल झालेला. मी बघतच राहिलो. अण्णा म्हणाले, "हसण्याला कड नसती रं. टोकानं काढलं की माणूस दात वेंगाडल्यावानी दिसतंय." झिजलेल्या ब्रशानं त्यांनी ओठांच्या कोपऱ्याला नुसतं पाणी लावल्यासारखं केलं. गड्यानं टोपी वर केली, वाकून बघितलं आणि पोराला म्हणाला, "बाळ्या, तुझी आय बग रं."

ते गेल्यावर मधल्या दारात वैनी उभ्या दिसल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. एरवी हटकून विचारायच्या, पण त्या दिवशी त्यांनी ब्रशाचं काही विचारलं नाही, आणि मला ते विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

* * *

पुढं लढाई सुरू झाली आणि विलायती माल बंद पडला. मुंबईचा विक्रेता यायचा थांबला. बरणीतले ब्रश टकले व्हायला लागले. मलाप्पानं मनावर घेतलं. परसात चिंचेचं झाड होतं, त्यावर खारींचा नुसता सुळसुळाट. त्यानं टोपली आडवी करून, दोरी बांधून, भुईमुगाचे दाणे टाकून सापळा लावला. सकाळी सापळ्यात खार! मलाप्पा तिची शेपटी धरायला गेला आणि तिनं त्याच्या बोटाला असा कडकडून चावा घेतला, की "अय्यय्यो" गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं!

वैनी धावत आल्या. टोपली उचलली आणि खार सोडून दिली. चावलेल्या बोटाला हळद लावता लावता मलाप्पाला म्हणाल्या, "ब्रशासाठी खार धरतोस व्हय रं? वर पिलं आसत्यात तिची."

मलाप्पा कळवळून म्हणाला, "वैनी, आपल्या तानीच्या ब्रशासाठीच की!"

वैनींचा हात थांबला. अण्णाही पडवीत येऊन उभे होते. वैनी त्यांच्याकडं वळून, आम्हा दोघांदेखत म्हणाल्या, "तुमास्नी ब्रश नगोच हाय. तुमास्नी तानी दिसंनाशी झालीया. व्हय का न्हाय ते सांगा."

मला वाटलं, अण्णा चिडणार. कुणी त्यांच्या कामाविषयी बोललं की ते चिडायचे. पण ते पडवीच्या पायरीवर खाली बसले.

"व्हय," म्हणाले. "कानातलं डूल दिसत्यात. कपाळावर खरचाटलं हुतं ते दिसतंय. पायरीवरनं उडी मारताना पाय दिसत्यात. त्वांड दिसत न्हाय."

इतकी वर्षं हा माणूस मुंबईच्या विलायती ब्रशांना नावं ठेवत होता आणि आम्ही त्यावर हसत होतो. त्या सकाळी मला त्या हसण्याची फार लाज वाटली. वैनींनी चिंधी घेतली. मलाप्पाचं बोट बांधून झालं, तशा आत गेल्या.

* * *

आता हा शेवटचा. हा किस्सा आहे की काय, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

काही दिवस गेले. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वैनी आल्या आणि अण्णांच्या कामाच्या फळीवर एक खणाची पुरचुंडी ठेवली. अण्णांनी उघडली. आत चिमूटभर केस होते, रेशमासारखे, उजेडात जरासे तांबूस.

"जावळ हाय तिचं," वैनी म्हणाल्या.

आमच्याकडं पोराचं जावळ काढलं की पाण्यात सोडतात. सगळं सोडायचं, घरात एक केस ठेवायचा नाही, अशी रीत. वैनींनी सासूच्या नकळत चिमूटभर मागं ठेवलं होतं.

"समदं सोडाय पायजे हुतं," वैनी म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. "मला मोह झाला. म्हणून गेली आसंल ती. कुणाला बोलले न्हाय मी."

एवढी वर्षं बाईनं हे पोटात ठेवलं होतं! मी मान खाली घालून नसलेल्या पदराचे काठ रंगवत बसलो. मलाप्पानं तर भिंतीकडं तोंड केलं.

अण्णांनी एक केस उचलून उजेडाकडं धरला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "याच्या टोकाला कात्री लागलेली न्हाय गं कधी. जन्मलं तवाचं टोक हाय. आसं टोक मला कुठं घावलं न्हाय." आणि केस परत पुरचुंडीत ठेवत, "ठिवलंस ते लई बरं केलंस."

वैनी तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडल्या. आम्ही दोघं उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ब्रश बांधला. पाण्याची वाटी ओढली नाही, झटका दिला नाही, नखावर टेकवला नाही. सरळ ओठांत धरला. डोळे मिटून धरला, आणि कितीतरी वेळ बाहेर काढलाच नाही. मग कामाला बसले.

परकर मी केला. वैनी म्हणाल्या हिरवा, म्हणून हिरवा. डूल मलाप्पानं केले, बांधलेल्या बोटानं, आणि जन्मात केले नव्हते इतके सुरेख केले. चेहऱ्यावर अण्णा किती दिवस होते ते मला आठवत नाही. झालं तेव्हा मी बघितलं. गोबरी, किंचित तोंड उघडं ठेवून बघणारी पोर, आता काहीतरी मागेल अशी. अण्णांच्या हातनं तसं काम पूर्वी झालं नव्हतं. मला तर ती अगदी तानी वाटली. मी तानीला कधी बघितलेलंच नव्हतं!

वैनींना बोलावलं. अण्णा आमच्याकडं पाठ करून ब्रश धूत उभे राहिले. वैनींनी तसबीर तळहातावर घेतली, दारापाशी उजेडात गेल्या, जवळनं बघितली, लांब धरून बघितली.

"ही आपली तानी न्हवं," म्हणाल्या.

"ठावं हाय," अण्णा पाठमोरेच म्हणाले. ब्रश धुवून केव्हाच झाला होता, तरी धूतच होते.

 शेवटी अण्णांनी ओलं फडकं घेतलं आणि हात पुढं केला. "आण हिकडं. पुसून टाकतो."

वैनींनी तसबीर चटकन पदराखाली घेतली.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "कुणाची तरी आसंलच की पोर. एकटी कुठं जाईल?"